इथं काय कमी होतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हल्ली हा विषय मी हसून टाळते. ‘इथं काय कमी होतं म्हणून नेपाळला गेलात?’ शाळेत सहकारी विचारायच्या, सोसायटीत विचारतात, मागे भाच्याच्या साखरपुड्यात व्याहीबुवांनीही विचारलं. त्यामागचा दुसरा प्रश्न कुणी तोंडावर काढत नाही: बाटवायला गेला होतात का? मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या लोकांचा प्रश्न बरोबर उलटा असतो. किती जण प्रभूकडे आले?

दोघांना उत्तर एकच. एकही नाही. धादिंग जिल्ह्यातल्या तामांग समाजाच्या ज्या वस्तीत आम्ही नोव्हेंबर २०१५ मध्ये आठवडाभर राहिलो, तिथली माणसं आम्ही जायच्या कितीतरी आधीपासून विश्वासात, म्हणजे ख्रिस्ती, होती. त्यातून त्याच सप्टेंबरात लागू झालेल्या नेपाळच्या राज्यघटनेत दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे. एप्रिलच्या भूकंपात घरं पडली होती, थंडी तोंडावर आली होती. आम्ही पत्रे ठोकायला गेलो होतो.

घरचा दुष्काळ सोडून गेलात असं म्हणाल तर कबूल. त्या वर्षी आमच्या नगरच्या शेजारी बीडमध्ये जनावरांच्या छावण्या लागलेल्या. भाच्याने काढलेल्या टीममधल्या आम्हा आठ जणांच्या जाण्यायेण्यावर बहात्तर हजार गेले. तेवढ्यात किती पत्रे आले असते हा हिशेब मी केलाय, तुमच्याआधी केलाय.

मग का गेले? १८३१ साली अमेरिकन मिशनचे लोक नगरला आले, तेव्हापासून आम्ही घेणाऱ्यांच्या रांगेत. शाळा त्यांची, दवाखाना त्यांचा, लहानपणी प्यायलेली दुधाची पावडरसुद्धा तिकडचीच. कधीतरी आपणही कुणाकडे भरल्या हाताने जावं अशी हौस होती. हौसच ती. तेव्हा मी तिला ‘पाचारण’, देवाचं बोलावणं, म्हणत होते.

पोचलो ते नाकाबंदीच्या दिवसांत. भारतातून जाणारं पेट्रोल आणि गॅस सरहद्दीवर अडलेलं. ती नाकाबंदी नेपाळच्या तराईतल्या मधेशी आंदोलकांनी केली की दिल्लीने, यावर जीपवाला सरहद्दीवरच्या सुनौलीपासून बोलत होता आणि शेवटी आम्ही भारतातले म्हणून दीडपट भाडं घेऊन मोकळा झाला. गावात मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. चुलीवर आमच्यासाठी रोज भात शिजायचा. घरचे आमच्यानंतर ढिंडो खातात, म्हणजे आपल्या घाट्यासारखं कोदोचं (नाचणीचं) नाहीतर मक्याचं घट्ट शिजवलेलं पीठ, हे तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. तोवर दोनदा मी भात मागून घेतला होता.

आणि आमचं काम? पहिल्या शेडचे पत्रे आम्ही उलटे चढवले. वरच्या पत्र्याची कड खालच्याच्या वर यायला हवी, ती आम्ही खाली सरकवली होती. कुणी बोललं नाही. आम्ही जेवायला बसलो तेवढ्यात गावातल्या पोरांनी खिळे उपसून सगळं नीट लावलं, आणि आम्ही परत आलो तेव्हा हीच पोरं आमच्या कामाचं कौतुक करत होती.

आता शनिवारचं सांगते. तिकडे तेव्हा रविवार कामाचा, सुटी शनिवारची, म्हणून उपासनाही शनिवारी. चपला बाहेर, बायका एका बाजूला डोक्यावर ओढणी घेऊन, सगळे सतरंजीवर. बायबल नेपाळी, पण लिपी आपलीच. योहान ३:१६ मी सगळ्यांबरोबर घडाघडा वाचलं. आपल्याकडे ‘प्रीती’ आहे तिथे त्यांच्याकडे ‘प्रेम’. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. त्याच भरात साक्ष द्यायला उभी राहिले. मी हिंदीत बोलणार, तिथल्या चर्चचे पाळक नेपाळीत सांगणार. मी म्हणाले, ‘एवढ्या मोठ्या भूकंपात प्रभूने तुम्हाला राखलं, कारण तुमच्यासाठी त्याची योजना आहे.’

पाळक थांबले. खाली बघितलं. मग त्यांनी दोनच शब्द सांगितले, आणि माझं वाक्य एवढं लांब होतं. मला वाटलं, आटोपतं घेताहेत.

बाहेर आल्यावर पुण्यात हॉटेलात काम केलेल्या एका पोराने मला बाजूला घेतलं. २५ एप्रिललाही शनिवारच होता. अकरा छप्पन्नला जमीन हलली तेव्हा इथे याच जागेवर उपासना चालू होती. दगडमातीची भिंत आत पडली. मी जिच्या घरी, जिच्या गोधडीत झोपत होते, त्या बाईची अकरा वर्षांची मुलगी त्या भिंतीखाली गेली. आई रडणाऱ्या तान्ह्याला घेऊन बाहेर आली होती, म्हणून राहिली.

‘तिला हिंदी कळत नाही ना?’ मी विचारलं. पहिला विचार हाच आला, हे लिहितानाही लाज वाटते.

‘तीन साल पुना में थी, आंटी.’

संध्याकाळी ती चुलीशी होती. मी शेजारी जाऊन बसले, माफी मागायला लागले, आणि शब्द नेहमीचेच येत होते: प्रभू जाणतो, प्रभू सांत्वन करो. तिने लाकूड आत सरकवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘मेरी बेटी के लिए क्या योजना थी, दीदी? आपको बताए तो हमें भी बताना.’ रागाने नाही. निरोप द्यावा तसं. मग पातेल्यातलं गरम पाणी घमेल्यात ओतून माझ्या पायांपुढे ठेवलं. थंडीने माझ्या टाचा फुटल्या होत्या, ते तिने केव्हा पाहिलं कोण जाणे. मी नको म्हणायला हवं होतं. लाकडं खालच्या रानातून पाठीवरच्या टोपलीत, ‘डोको’त भरून, कपाळाला पट्टा लावून तीच आणायची. मी पाय पाण्यात घातले. रात्री ती माझ्याशेजारीच झोपली, आणि पहाटे जाग आली तेव्हा तिच्या अंगावरची गोधडी माझ्या अंगावर होती.

परत आल्यावर चर्चमध्ये फोटो दाखवून मी अहवाल दिला: ‘आम्ही तिथे प्रीती वाटून आलो.’ टाळ्या पडल्या. ती बाई, ते घमेलं, काही सांगितलं नाही. त्या अहवालातल्या मला आज चार शब्द सुनवावेसे वाटतात. पण तीही अगदीच खोटी नव्हती हो. शेवटच्या रात्री पत्र्याखाली चाळीस माणसं खांद्याला खांदा लावून गात होती, त्यातलं अर्धं मला कळत नव्हतं, आणि इतकं आपलंसं मला नगरच्या चर्चमध्येही क्वचित वाटलंय. ते कुणी वाटलं, कुणी घेतलं, एवढाच घोळ आहे. आणि त्यासाठी बहात्तर हजार खर्चावेत का, तर माहीत नाही. भाच्याने पुन्हा एखादी टीम काढली तर जाईन का? एक दिवस हो वाटतं, दुसऱ्या दिवशी पैसे पाठवून द्यावेत असं वाटतं.

निघताना तिने कागदात बांधून गुंद्रुक दिलं. आंबवून वाळवलेला पाला. इथे उकळलं तेव्हा वासाने सगळे गॅलरीत पळाले, मी एकटीनेच खाल्लं.

दर २५ एप्रिलला मी फोन करते. तिने मला काय कळवायला सांगितलंय ते दोघींनाही आठवतं, पण ती ते विचारत नाही. पाऊस झाला का, सूनबाई बरी आहे का, असं विचारते. आणि सगळ्यात आधी, मी हॅलो म्हणायच्या आत: ‘खाना खानुभयो, दिदी?’