आमची वाटचाल: विमानाला हात न लावता

छत्रपती संभाजीनगरात आम्ही गेम बनवतो म्हटलं की पाहुणे अजूनही विचारतात, "ते ठीक, पण धंदा काय करता?" आमचा मूळ धंदा वाळूजच्या कारखान्यांसाठी दुचाकीच्या सुट्या भागांची थ्रीडी ड्रॉइंगं करून देण्याचा. काम नसलं की ऑफिसातली पोरं जुनी लढाऊ विमानं काढत बसायची. टाळेबंदीत वाळूज थंडावलं आणि ती विमानंच पोटाला लागली. आधी बाहेरच्या स्टुडिओंना मॉडेलं विकली, मग स्वतःचा ऑनलाइन हवाई लढाईचा गेम काढला. कर्ज, जीएसटी, पगाराची तारीख हे सगळ्याच लहान धंद्यांना चुकत नाही, त्यात शिरत नाही. आमच्यात खरी भांडणं झाली ती एकाच गोष्टीवरून: इतिहासातली दोन विमानं समोरासमोर आणायची, तर सामना बरोबरीचा कसा करायचा?

युद्धात समोरचा जोडीचा आहे का, हे बघून कुणी लढत नाही. १ सप्टेंबर १९६५ ला छांब आघाडीवर आपल्या हवाई दलाची जुनी व्हॅम्पायर विमानं पाठवावी लागली. त्यांची गाठ पाकिस्तानच्या, अमेरिकी बनावटीच्या आणि जास्त वेगवान सेबर विमानांशी पडली. त्या संध्याकाळी चार व्हॅम्पायर परतली नाहीत आणि नंतर ती आघाडीवरून मागेच घेतली गेली. आता गेममध्ये एखाद्याला रोज व्हॅम्पायरमध्ये बसवून सेबरसमोर सोडलं, तर तो आठवडाभरात गेम काढून टाकणार.

भागीदाराचा उपाय सोपा होता. व्हॅम्पायरचा वेग थोडा वाढवा, सेबरच्या गोळ्यांचा मार थोडा कमी करा, कुणाला कळतंय? माझं म्हणणं, ज्यांना कळतं तेच पैसे देणारे आहेत. नॅट, म्हणजे त्याच युद्धातलं आपलं हलकं लढाऊ विमान, घेणाऱ्याला नॅटच पाहिजे: चिमुकलं, लांबून दिसायला अवघड, भराभर चढणारं, दोन ३० मिलिमीटर तोफांचं. सेबरला सहा मशीनगन, आणि खाली, कमी वेगात वळायला ते सरस. नॅटवाल्यानं उंची धरून झडप घालायची आणि सेबरवाल्यानं त्याला खाली वळणात ओढायचं, यातच मजा आहे. आकडे सपाट केले की दोन्ही विमानं नुसती रंगानं वेगळी उरतात.

मग आम्ही विमान सोडून सामना बदलला. व्हॅम्पायरवाल्यांना गुण मिळतात ते रणगाडे फोडण्याचे आणि सुखरूप परतण्याचे. सेबर संख्येनं कमी ठेवली, तीही उशिरा पोचतात. सेबर पाडलंच पाहिजे अशी अट नाही. एक गोष्ट मात्र सामन्यात आणायची नाही, यावर आमचं लगेच एकमत झालं: १४ डिसेंबर १९७१ ची श्रीनगरवरची, नॅटचे वैमानिक निर्मलजीत सिंग सेखों यांची सेबरशी झुंज. परमवीर चक्राच्या त्या उड्डाणावर गुण मोजत बसणं मला पटत नाही.

तक्रारी येतच राहिल्या. परभणीच्या एका पोराचा फोन आला, "सर, स्पिटफायरचं नाक खाली दाबलं की इंजिन बंद पडायलंय, बग आहे, तेवढा काढा की." तो बग १९४० चा होता! स्पिटफायर हे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, त्याच्या सुरुवातीच्या मर्लिन इंजिनाला फ्लोटचा कार्ब्युरेटर असे, नाक एकदम दाबलं की पेट्रोलचा पुरवठा बिघडून इंजिन खोकायचं. जर्मन मेसरश्मिट १०९ मध्ये इंधन इंजेक्शननं जाई, त्यामुळे ते सरळ सूर मारून निसटायचं. १९४१ मध्ये बीट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी भोक असलेली लहानशी चकती बसवून त्यावर कामचलाऊ तोड काढली. दुचाकीच्या भागांवर हात बसलेल्या आमच्या पोरांना हे समजावून सांगावं लागलं नाही. चकती आम्ही १९४१ च्या सामन्यांत दिली. १९४० वाल्यांना ब्रिटिश वैमानिकांसारखं आधी विमान उलटं करून मग सूर मारायला शिकवणारा सराव दिला.

आणि जिंकण्याच्या टक्केवारीवर आमचा विश्वास नाही. नवखा माणूस आधी स्पिटफायर घेतो, कारण नाव ऐकलेलं असतं, आणि हरतो. मुरलेला मुद्दाम कुणी न घेतलेलं विमान घेऊन सगळ्यांना झोडपतो. लगेच ओरड, ते विमान ओपी (गरजेपेक्षा ताकदवान) आहे, नर्फ करा (ताकद कमी करा)! म्हणून आम्ही एकाच माणसाचा खेळ दोन विमानांत कसा होतो ते बघतो. जोड्या लावताना बुद्धिबळातल्या एलो रेटिंगसारखा, म्हणजे हार-जितीवरून खेळाडूची ताकद मोजणारा हिशेब वापरतो. पण दुपारी लॉबीत, म्हणजे सामन्याची वाट बघायच्या जागी, माणसंच नसतात. मोठ्या कंपन्या खेळाडूंचे दहा गट पाडू शकतात, आम्ही पाडले तर प्रत्येकजण एकटाच बसेल. तेव्हा दिवसा रिकाम्या जागी बॉट (संगणकानं चालवलेले खेळाडू), आणि इतिहासाचे काटेकोर सामने फक्त रात्री जेवणानंतर.

सध्या कोरियन युद्धाच्या सामन्यावरून आमच्यात जुंपली आहे. त्यात सेबरसमोर सोव्हिएत बनावटीचं मिग-१५ येतं. मिग-१५ वर एक ३७ आणि दोन २३ मिलिमीटर तोफा, वरच्या हवेत ते सेबरला भारी. सेबरकडे रडारनं अंतर मोजणारं नेमयंत्र. सामना कोणत्या उंचीवर सुरू करायचा, त्यावर अर्धा निकाल ठरतो. भागीदार खालून म्हणतो, मी वरून. मिगचं मॉडेल तयार होऊन पडलंय, तेव्हा पुढच्या अपडेटच्या आत काहीतरी ठरवावंच लागेल.