एकाच घरातले दोन रिपोर्ट

लॅबमध्ये लिपिड प्रोफाइलच्या, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीच्या, रिपोर्टवर सही करणं हे माझं रोजचं काम. बहुतेक आकडे एकमेकांसारखेच, त्यामुळे नजर भराभर पुढे सरकते. त्या दिवशी मात्र एका आकड्यावर थांबले. बाई एकतीस वर्षांची. एकूण कोलेस्टेरॉल ३७१, एचडीएल म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल ४७, ट्रायग्लिसराइड ही दुसरी चरबी १०५, आणि एलडीएल म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल ३०३.

एवढं कोलेस्टेरॉल म्हणजे रक्त दाट, तेलकट दिसत असणार, असं लोकांना वाटतं. मी ट्यूब उजेडात धरली, तर सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, अगदी नितळ. सीरम दुधाळ होतं ते ट्रायग्लिसराइड खूप वाढल्यावर, कारण ते वाहून नेणारे कण मोठे असतात आणि प्रकाश विखुरतात. एलडीएलचे कण इतके बारीक, की तीनशे ओलांडले तरी डोळ्यांना पत्ता लागत नाही. यंत्र बरोबर मोजतंय ना हे पाहायचे कंट्रोल नमुने तपासले, नमुना डायल्यूट करून पुन्हा लावला. एलडीएल नुसतं सूत्रानं न काढता थेटही मोजलं. आकडा हलला नाही. थायरॉइड, बिलिरुबिन, लघवीतलं प्रोटीन सगळं ठीक, म्हणजे दुसऱ्या आजारामुळे वाढलेलं नव्हतं.

दुपारी ती स्वतः आली. आधीच्या वेळी एलडीएल ३४९ होतं. तेव्हापासून लोणी, साय, तळलेलं, चरबीचं मांस सगळं बंद. तरी आहार ठरवून देणाऱ्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "तुम्ही लपून खाताय." हे सांगताना तिचा आवाज कापत होता. मला संताप आला. ३४९ वरून ३०३ म्हणजे जवळपास तेरा टक्के घट. आहारातल्या बदलानं साधारण एवढाच फरक पडतो. तिनं पथ्य काटेकोर पाळलं होतं, आणि त्याचा पुरावा माझ्या यंत्रानं दिला होता.

परवानगी घेऊन तिच्या टाचेमागचा कंडरा चाचपला. जाड आणि गाठाळ. तिला वाटत होतं, चपलेमुळे झालंय. तो कोलेस्टेरॉलचा साठा होता. आनुवंशिक हायपरकोलेस्टेरोलेमियाची, म्हणजे घराण्यातून येणाऱ्या जास्त कोलेस्टेरॉलच्या आजाराची, ही खूण पुस्तकात सगळ्यांनी वाचलेली असते, पण पेशंटची टाच बघायला वेळ कोणाला असतो?

रक्तातलं एलडीएल उचलायला यकृताच्या पेशींवर रिसेप्टर असतात. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी ते शोधले, १९८५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या आजारात बहुतेकदा याच रिसेप्टरच्या जनुकाची एक प्रत बिघडलेली असते. कामाचे रिसेप्टर साधारण निम्मे उरतात. साधारण अडीचशे माणसांत एकाला हे असतं, म्हणजे दुर्मीळ मुळीच नाही. संपृक्त मेदही याच रिसेप्टरचं काम मंदावतो, म्हणून पथ्याचा उपयोग होतो. पण जे रिसेप्टर जन्मापासूनच कमी आहेत, ते पथ्यानं कुठून येणार? तिथे औषधच लागतं, आणि ते लवकर लागतं.

मी तिच्या भावाला तपासून घ्यायला सांगितलं. त्याच घरात, तेच जेवण, वर लोण्याचं काही पथ्य नाही. त्याचं एलडीएल ९८. आई-वडिलांपैकी एकाकडे बिघडलेली प्रत असेल तर प्रत्येक मुलात ती येण्याची शक्यता निम्मी. ती बहिणीत आली, भावात आली नाही. आमच्याकडचे एक सहकारी आपलं एलडीएल कमी आहे म्हणून इतरांना खाण्यावर व्याख्यानं देतात. पीसीएसके९ या जनुकातल्या काही बदलांमुळे एलडीएल जन्मभर कमीच राहतं, हे २००५ पासून छापील आहे. काहींच्या चांगल्या आकड्यामागे फक्त शिस्त नसते, एवढं तरी त्यांनी मानावं.

आमच्या रिपोर्टमध्ये १३५ पुढेही 'जास्त' छापून येतं आणि ३०३ पुढेही तेच. एलडीएल १९० च्या वर गेलं की 'आनुवंशिक कारणाचा विचार करावा, जवळच्या नातेवाइकांची तपासणी करावी' अशी ओळ आपोआप यावी, म्हणून मी अर्ज दिलाय. उत्तर आलं, सॉफ्टवेअरमध्ये जागा नाही. तोवर मी ती ओळ पेनानं लिहितेय.

पुढच्या खेपेला ती मुलाला घेऊन आली, त्याच्या तपासणीसाठी. सोबत वडिलांची जुनी फाइल होती. ते सेहेचाळिसाव्या वर्षी हृदयविकारानं गेले. फाइलमध्ये २००१ चा एक रिपोर्ट होता, एलडीएल २८१, शेजारी कुणीतरी लिहिलेलं, 'तेल कमी करा'. कोलेस्टेरॉल कमी करणारं पहिलं स्टॅटिन औषध १९८७ मध्येच मंजूर झालं होतं.