माऊस डावखुऱ्याचा, टेस्टिंग उजव्या हाताने

वॉरंटी होती, बिल होतं, माऊसमध्ये दोष आहे हे त्यांच्याच मशिनवर सिद्ध पण झालं, तरी शेवटी मी तो पुण्याच्या तपकीर गल्लीत अडीचशे रुपये देऊन दुरुस्त करून घेतला. चार महिने झाले याला. अजून सर्व्हिस सेंटरची आठवण आली की डोकं फिरतं म्हणून लिहून टाकतोय, कोणाच्या उपयोगी पडलं तर पडलं.

माझं साताऱ्यात डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची मांडणी करायचं काम आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे फ्लेक्स, जे येईल ते. आणि मी डावखुरा. माऊस कीबोर्डच्या डाव्या बाजूला असतो आणि विंडोजमध्ये बटणं उलटी करून घेतलेली आहेत, म्हणजे मेन क्लिक उजव्या बटणावर, कारण डाव्या हाताची तर्जनी तिथेच येते. (विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, माऊस, तिथे पहिलंच आहे प्रायमरी बटण.) हे नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं रामायण ह्याच्यावरच आहे.

माऊसला चौदा महिने झाले होते, वॉरंटी तीन वर्षांची. एका क्लिकला दोन क्लिक पडायला लागले. ज्यांना कोरल ड्रॉ (पत्रिका ज्यात बनवतो ते सॉफ्टवेअर) माहीत आहे त्यांना कळेल, ऑब्जेक्टवर एकदा क्लिक केलं की तो सिलेक्ट होतो आणि परत क्लिक केलं की कोपऱ्यांवर फिरवायचे गोल बाण येतात. तर मी मजकूर मोठा करायला कोपरा धरतोय आणि तो तिरका होतोय. ड्रॅग करताना पण मध्येच सुटायचं. एकदा वरचा गणपती उचलून मध्ये घेत होतो तर तो नेमका ‘चि. सौ. कां.’ वर पडला आणि माझ्या लक्षातच आलं नाही, प्रूफ तसंच व्हॉट्सॲपवर गेलं. मुलीच्या मामांचा फोन आला, काय बोलले ते इथे लिहीत नाही. ऐन सीझन, दिवसाला सात-आठ पत्रिका आणि माऊस असा.

ऑनलाइन तक्रार टाकली, तिकीट नंबर आला, पाच मिनिटांचं काम. बिलाचा मी घेतल्या दिवशीच मोबाईलवर फोटो काढून ठेवलेला म्हणून वाचलो, ओरिजिनल थर्मल पेपरचं बिल पांढरं फटक झालं होतं. हे तुम्ही पण करा. सेंटर पुण्यात, वस्तू स्वतः नेऊन द्यायची.

पहिली फेरी. सकाळची एसटी, स्वारगेट, रिक्षा, टोकन, दीड तास, जॉबशीट. नवव्या दिवशी मेसेज : नो फॉल्ट फाउंड, येऊन घेऊन जा.

मी त्याच दिवशी 1915 ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली. त्याचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवला आणि दुसऱ्यांदा पुण्याला गेलो.

काउंटरवर एक पोरगा होता, पंचविशीचा, बोलायला चांगला. माझा माऊस लावला, उजव्या हाताने धरला आणि डावं बटण टक टक टक टक पन्नास वेळा दाबून दाखवलं. "बघा ना सर, ओके आहे."

मी म्हटलं, "अहो ते नाही, दुसरं बटण. उजवं."

"राइट क्लिकला डबल क्लिक नसतंच ना सर."

आता ह्याला काय उत्तर देणार? मी सांगितलं बाबा रे मी डावखुरा आहे, माझं बटण उलटं आहे, माझं उजवं म्हणजे तुमचं डावं. तो म्हणाला तुमच्या पीसीची सेटिंग असेल सर, माऊसमध्ये प्रॉब्लेम नाही. मी म्हटलं मग तुमच्या पीसीवर तीच सेटिंग करा, एक मिनिट लागतं. तर सेटिंग बदलायला ॲडमिनचा पासवर्ड लागतो आणि तो ब्रँचला कोणाकडेच नाही. मी म्हटलं तसंच दोषात लिहून घ्या. तर त्यांच्या फॉर्ममध्ये दोषांची यादी ठरलेली : लेफ्ट बटण, स्क्रोल, सेन्सर, केबल आणि शेवटी ‘अदर’. उजवं बटण यादीतच नाही! म्हणजे त्या बटणाला काही होऊ शकतं हेच त्यांनी धरलेलं नाही. मागे रांगेत एक काका होते त्यांनी मला सुचवलं, "उजव्या हाताने वापरून बघा की थोडे दिवस." लहानपणी शाळेत पट्टीने हातावर मारून जे जमलं नाही ते आता पन्नाशीत सर्व्हिस सेंटरला जमवायचंय.

मग 1915 चा नंबर सांगितला. त्याने की माझ्या आवाजाने माहीत नाही, पण आतून सीनियर आले. त्यांच्याच मशिनवर ब्राउझर उघडून क्लिक मोजणारं एक साधं पेज लावायला लावलं, तिथे उजवे क्लिक वेगळे मोजतात. मी वीस वेळा दाबलं, मोठ्याने मोजत. स्क्रीनवर सत्तावीस. सीनियर दोन सेकंद गप्प आणि मग पोराला म्हणाले, "अदरमध्ये टाक." एवढंच. सॉरी वगैरे काही नाही.

तिसरी फेरी, बदली माऊस घ्यायला. खूश होतो मी, ह्यावेळी हिला पण घेऊन गेलो होतो. डबा उघडला तर माझं मॉडेल बंद झालंय आणि ‘सेम कॅटेगरी’ म्हणून जे दिलं त्याला डाव्या बाजूला अंगठ्यासाठी खळगा, वर दोन बटणं, सगळा आकारच उजव्या पंजाचा. डाव्या हातात धरला की त्या खळग्यात करंगळी जाते आणि बाहेरची कड तळव्यात रुतते. पोरगा म्हणतो, "सर ह्याचं डीपीआय तुमच्यापेक्षा जास्त आहे, अपग्रेड आहे." डीपीआय (म्हणजे पॉइंटर किती वेगाने पळतो ते) घेऊन काय करू, हात कुठून आणू? हा घ्या नाहीतर जुना परत घ्या, तिसरा पर्याय नाही. ही म्हणाली घ्या नवा, कोणी तरी वापरेल. मी हट्टाला पेटलो होतो, जुना घेतला. जॉबशीटवर ‘ग्राहकाने बदली वस्तू नाकारली’ असं लिहून माझीच सही. खरं सांगायचं तर नवा घेऊन विकता आला असता, पण त्या वेळेला सुचतंय कुठे.

तिथून तडक बुधवार पेठेत तपकीर गल्लीत. एका बोळकांडीत रिपेअरिंगवाला बसलेला. मी काही बोलायच्या आत, माऊस हातात देताना मी डाव्या हाताने धरलेला बघून म्हणाला, "डावरे का? मग उजवं बटण गेलं असणार." मला मिठी मारावीशी वाटली त्याला.

खालच्या टेफ्लॉनच्या पट्ट्या ब्लेडने अलगद सोडवून त्याने कॅल्क्युलेटरच्या पाठीवर चिकटवून ठेवल्या, गोंद टिकावा म्हणून. स्क्रू त्यांच्याखाली असतात. आतला स्विच म्हणजे शेंगदाण्याएवढा चौकोनी डबा, तीन पाय. सोल्डर वितळवून काढला, नखाने झाकण उडवलं आणि भिंगाखाली दाखवलं, तांब्याची बारीक पत्ती, टोकाला काळा ठिपका. ठिपक्यामुळे टेकणं नीट होत नाही, पत्ती थरथरते आणि माऊसला वाटतं दोनदा दाबलं. म्हणाला, "डाव्याचा काढून उजव्याला लावू? तुम्ही वापरलेलाच नाय तो." मी म्हटलं दोन्ही नवे टाक. पंचवीस मिनिटं. स्विच एक कोटी, दोन कोटी क्लिकचे म्हणून येतात, माझे दिवसाचे पाच हजार धरले तरी कोटीला पाच वर्षं सहज लागतात, तेव्हा चौदा महिन्यांत जाणं म्हणजे मालच तसा. आता ऑप्टिकल स्विचवाले माऊस मिळतात, त्यात टेकण्याऐवजी प्रकाशावर काम असतं त्यामुळे ही भानगड होत नाही, पण दोन्ही हातांचा आकार असलेला बघून घ्या.

आणि तोच मिळत नाही. तीनशे रुपयांचा माऊस दोन्ही हातांना चालतो पण एवढुसा, पोरांच्या हातातला. जरा पैसे टाका, लगेच अंगठ्याचा खळगा. माऊस जितका महाग तितका उजवा. मी प्रेसमध्ये लागलो तेव्हा गोळीचे माऊस होते, रोज नखाने रोलरवरचा मळ खरवडायला लागायचा, पण सगळे सरळ होते. मला वायरचा, जरा वजनदार, चाक अडकत अडकत फिरणारा लागतो. बाजूला रबर तर अजिबात नको, आमच्याकडच्या दोन पावसाळ्यांत त्याचा चिकट गूळ होतो.

आता लिहिताना सुचतंय, पहिल्या फेरीलाच त्या बटणावर चिकटपट्टी लावून पेनाने ‘हे बटण’ असं लिहून दिलं असतं तर एक एसटी वाचली असती.