खाडीकडून पाहिलेलं कल्याण

आमची दहावीची तुकडी १९८५ची. आम्ही नववीत होतो तेव्हा, ऑक्टोबर १९८३मध्ये, कल्याणची नगरपालिका जाऊन महानगरपालिका आली. घरोघरी एकच बोलणं होतं, आता कल्याण मुंबईसारखं होणार. त्याच आठवड्यात इतिहासाच्या सरांनी पुस्तकातला धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर खडूने खाडी काढली. मग काठावर दुर्गाडी किल्ला, मग जुन्या गावातला पारनाका, बाजारपेठ, आणि सगळ्यात शेवटी, गावाच्या पाठीशी, स्टेशन. आम्ही चक्रावलो. आमच्यापैकी कितीतरी जणांचे वडील सकाळची गाडी पकडून मुंबईला जात, त्यामुळे घरातलं कल्याण स्टेशनपासूनच सुरू व्हायचं.

त्या तासाला सरांनी सांगितलेलं अजून जसंच्या तसं आठवतं. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्ये कल्याणचे व्यापारी आहेत. म्हणजे जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या गावात धर्मादाय करण्याइतका पैसा खेळत होता. मुंबईची बेटं १६६१ला पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाला लग्नात आंदण दिली गेली आणि १६६८ला ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. त्याआधीच, १६५७मध्ये, शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली होती आणि याच खाडीत आरमाराची गलबतं बांधायला सुरुवात केली होती. हे ऐकून वर्गात कोणीतरी टाळी वाजवली. सरांनी त्याला बसवलं आणि म्हणाले, ‘टाळ्या नकोत. शनिवारी शाळा सुटल्यावर चालायला या.’

त्या शनिवारी सर आम्हाला पारनाक्यावरून निघून लालचौकीमार्गे दुर्गाडीपर्यंत घेऊन गेले. वाटेत सुभेदारवाड्याशी थांबलो. पेशव्यांचे सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांचा हा वाडा, एवढं आम्हाला ठाऊक होतं. सरांचा प्रश्न वेगळाच होता. सुभेदार इथे का राहिला? उत्तर आमच्यातल्या कोणालाच येईना. मग त्यांनी समजावलं की घाटावरून उतरणारा माल आणि समुद्रातून आत येणारा माल जिथे एकमेकांना भेटतात, तिथे जकात बसते, आणि जिथे जकात बसते तिथे कारभारी बसतो. वाडे, देवळं, मशिदी, तळी, सगळं त्यामागून येतं. आनंदीबाई जोशींचं बालपण ज्या कल्याणात गेलं तेही हेच. १८८६मध्ये अमेरिकेत डॉक्टर झालेली ती मुलगी याच गल्ल्यांतून फिरली होती. आमच्या वर्गातल्या मुली त्या दिवशी जरा ताठ चालल्या. मीही त्यांच्यात होते.

दुर्गाडीच्या पायथ्याशी रेती काढणारे डुबीवाले काम करत होते. होडी दोरखंडाने बांधलेली आणि काठीला धरून माणूस पाण्याखाली जायचा. तो दिसेनासा झाला की आम्ही आपापला श्वास रोखायचो. मग बादली वर यायची, काळी रेती गळत, आणि तिच्यामागून त्याचं डोकं. डोळे लालभडक. होडी भरत आली की काठ पाण्याला टेकतोय असं वाटायचं. सर म्हणाले, मुंबईतल्या कितीतरी इमारती या खाडीच्या तळातून वर आल्यात. आज नकाशावर काम करताना मला ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवतं, कारण मोठं शहर शेजारच्या जुन्या गावाकडून आधी काय घेतं हे त्यात आहे. आधी माती, दगड, रेती आणि पाणी, मग माणसांचा दिवस, आणि सरतेशेवटी गावाची दिशा.

मी पुढे नगररचना शिकले आणि नोकरीची सगळी वर्षं विकास आराखड्यांत गेली. त्यामुळे एक गोष्ट ठामपणे सांगू शकते. जुनी गावं उपनगरं होतात ती एका रात्रीत नव्हे, आणि नुसत्या इमारतींमुळेही नव्हे. कल्याणचं वळण रेल्वेने सुरू झालं. १ मे १८५४ला रूळ इथवर आले. १८६३ला बोरघाट आणि १८६५ला थळघाट खुला झाल्यावर घाटावरचा माल इथे न उतरता थेट मुंबईच्या गोदीकडे जाऊ लागला. बंदराचं काम आटलं, जंक्शनचं वाढलं. तरीही गाव बराच काळ स्वतःच्या पायावर उभं होतं. शहाडची सेंच्युरी रेयॉन, मोहन्याची एनआरसी हे कारखाने, भाताची आणि गुरांची बाजारपेठ, यांवर आमच्या वर्गातली निम्मी घरं चालत. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि शेजारी उल्हासनगर उभं राहिलं. तिथली मुलं आमच्या बाकावर बसली, त्यांच्या डब्यातले पापड आम्ही हक्काने खाल्ले. १९७५मध्ये एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, स्थापन झालं, आणि ज्यांनी कल्याण कधी पाहिलंही नव्हतं त्यांच्या कागदावर आपलं गाव मुंबई महानगर प्रदेशातला एक ठिपका झालं.

वाड्यांचं काय झालं ते मी जवळून पाहिलं आहे. एका वाड्याचे दहा-बारा वारस, त्यातले अर्धे परगावी, खालच्या खणांत पिढ्यान्‌पिढ्यांचे भाडेकरू, जुन्या भाडे कायद्याने गोठलेलं भाडं. कौलं फिरवायला पैसा कोणी द्यायचा? एका पावसाळ्यात माळवद गळतं, दुसऱ्या पावसाळ्यात भिंत फुगते, तिसऱ्या वर्षी धोकादायक इमारतीची नोटीस लागते. मग बिल्डर येतो, आणि खरं सांगायचं तर त्या घरातल्या माणसांना तो देवासारखा वाटतो. त्यांना दोष देणं मला कधीच जमलं नाही. संडास घरात हवा, म्हाताऱ्या आईला लिफ्ट हवी, हे मागणं रास्तच आहे. माझं म्हणणं इतकंच, की पाडण्याआधी मोजमाप घ्यावं, फोटो काढावेत, दाराची चौकट आणि चौकातली विहीर वाचवता येत असेल तर वाचवावी. आराखड्यात गावठाण म्हणजे नुसती दाट, अरुंद, अडचणीची जागा असं धरलं जातं. तिथल्या गल्ल्या अरुंद आहेत, कारण त्या पायी चालणाऱ्यांसाठी आणि सावलीसाठी आखलेल्या होत्या.

हे एकट्या कल्याणचं नाही. सोपाऱ्याला अशोकाचा शिलालेख सापडला. आज तिथल्या माणसाला कुठून आलात विचारलं की पुढची चर्चा लोकलच्या गर्दीची होते. ठाणं शिलाहारांची राजधानी होतं. वसईसाठी चिमाजी अप्पांनी १७३९मध्ये केवढी माणसं खर्ची घातली! या सगळ्या गावांना आता मुंबईपासूनच्या अंतरावरून ओळखतात. २०११च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती. खडकपाडा, गांधारीकडे राहायला आलेल्यांना पारनाका दाखवणारं कोणी भेटलं नाही, तर तो त्यांचा अपराध नव्हे. दाखवणारी जागा शाळा आहे. आमच्या सरांनी वर्गातल्या प्रत्येकाला, तो पारनाक्याचा असो, उल्हासनगरच्या कॅम्पमधला असो की वाशिंदहून लोकलने येणारा, तेच कल्याण हातात दिलं होतं.

म्हणून शाळेकडे मागणं आहे. नववीची ती फेरी पुन्हा सुरू करा. नकाशा मी काढून देते आणि सोबत चालायलाही येते. फक्त भरतीची वेळ साधा. आमच्या वर्गातल्या कोळ्याच्या मुलाने तेव्हा सरांनाच हिशेब शिकवला होता, तिथीची पाऊणपट केली की भरतीचे तास निघतात. चौथीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हा हिशेब किनाऱ्याचा, पाण्याला कल्याणपर्यंत चढायला आणखी वेळ लागतो. दशमीच्या आसपासचा एखादा शनिवार धरला आणि सकाळी सातला पारनाक्यावरून निघालो, तर रमतगमत, वाडे पाहत, मुलं दुर्गाडीखाली पोचेपर्यंत खाडी भरलेली असेल.