कॅटची दोन वर्षे आणि वाचनाची वही

कॅटसाठी, म्हणजे आयआयएमसारख्या व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेश परीक्षेसाठी, मी दोन वर्षे तयारी केली आणि त्यातील पहिले वर्ष बहुतांशी चुकीच्या विषयावर खर्च झाले, हे जुन्या वह्या चाळताना आज स्पष्ट दिसते. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि पुढे अभियांत्रिकी, त्यामुळे गणिताचा मला भरवसा होता. नोकरी सांभाळून रात्री मिळणारे दोन तास मी टक्केवारी, गुणोत्तर-प्रमाण, काळ-काम-वेग आणि भूमिती यांनाच देत राहिलो. तीस-चाळीस उदाहरणे सुटली की अभ्यास झाल्याचे समाधान मिळे, पण मॉक म्हणजे सराव परीक्षांतील पर्सेंटाइल (किती टक्के परीक्षार्थी आपल्या मागे आहेत तो आकडा) जागचे हलत नसे.

याचे कारण परीक्षेच्या रचनेत आहे. २०२० पासून पेपर १२० मिनिटांचा झाला असून इंग्रजी आकलन, डेटा व तर्क आणि गणित या तीन विभागांना प्रत्येकी ४० मिनिटे ठरलेली आहेत. एका विभागात वाचलेला वेळ दुसऱ्याला देता येत नाही. शिवाय आयआयएम प्रवेशासाठी एकूण पर्सेंटाइलबरोबर प्रत्येक विभागातील किमान पर्सेंटाइलही पाहतात. गणितात कितीही गुण मिळवले तरी इंग्रजीतील उणीव त्याने झाकली जात नाही, आणि माझी उणीव नेमकी तिथेच होती.

उतारे तत्त्वज्ञान, पर्यावरण, इतिहास, अर्थशास्त्र अशा कोणत्याही विषयावरचे असतात. शब्द मला अडत नव्हते. लेखकाचा युक्तिवाद कुठे वळतो, हे निसटत होते. म्हणून दुसऱ्या वर्षी मी रोज सकाळी एक मोठा इंग्रजी लेख वाचून त्याचा आशय तीन वाक्यांत, मराठीत, वहीत लिहू लागलो. शिकवणीतील काही मित्रांना हे उलटे वाटले, परंतु माझा अनुभव असा की जे आपल्या भाषेत सरळ मांडता येत नाही, ते आपल्याला समजलेलेच नसते. सुरुवातीच्या महिन्यांत माझी तीन वाक्ये लेखकाच्या मतापेक्षा माझ्याच मताची निघत. पर्याय निवडताना मी हीच चूक करत होतो: उताऱ्यात जे म्हटले आहे त्याऐवजी मला जे पटते, त्यावर खूण करत होतो. चुकीच्या पर्यायाला एक गुण वजा होतो, त्यामुळे ही सवय दुहेरी महाग पडत होती.

ही सुधारणा फार सावकाश झाली. एखादे सूत्र आठवड्यात पक्के होते. वाचनाला मात्र सहा-सात महिने लागले आणि त्याला जवळचा रस्ता मला सापडला नाही. डेटा व तर्काच्या विभागात आधी सगळे सेट (एकाच माहितीवरील प्रश्नांचे गट) नजरेखालून घालून सोपे दोन-तीन निवडण्याचा सराव त्या मानाने लवकर जमला.

परीक्षा नोव्हेंबरअखेर असते. म्हणून मराठी माध्यमातून आलेला कोणी विचारतो, तेव्हा मी त्याला सांगतो की गणित जूनमध्ये सुरू केलेस तरी चालेल, पण वाचनाची वही आदल्या दिवाळीनंतर लगेच उघड.