एकाच टेकडीच्या दोन उंची

दिवसभर माझा फोन का लागत नाही, असं आई सारखं विचारते. लॅबमध्ये मोबाइल नेता येत नाही; दाराबाहेरच्या कप्प्यात ठेवून आत जायचं.

ऑर्लँडो म्हटलं की सगळ्यांना डिस्ने आठवतं. पण इथेच, विद्यापीठाला लागून असलेल्या रिसर्च पार्कमध्ये अमेरिकन सैन्याच्या प्रशिक्षण सिम्युलेटरांचं मोठं काम चालतं. मी तिथे सिस्टिम्स इंटिग्रेशन अ‍ॅनालिस्ट आहे. गणवेश नाही, हुद्दा नाही, नागरी नोकरी. सिक्युरिटी क्लिअरन्सला, म्हणजे गोपनीय काम करायच्या परवानगीला, नागरिकत्व लागतं, त्यामुळे ती मिळाली इथला पासपोर्ट हाती आल्यावरच.

रणगाड्याचा सिम्युलेटर एकाने बनवलेला, हेलिकॉप्टरचा दुसऱ्याने. दोघांना एकाच लढाईत उतरवायचं. १९८०च्या दशकातल्या सिमनेट या सिम्युलेटर जोडणाऱ्या नेटवर्कपासून हे चालत आलंय. त्यातूनच डीआयएस हे मानक, म्हणजे सिम्युलेटरांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियम, आलं. त्यात प्रत्येक वाहन आपली जागा, वेग, दिशा नेटवर्कवर कळवतं. जागचं हललं नाही तरी साधारण दर ५ सेकंदांनी ‘मी आहे’ म्हणून सांगतं. १२ सेकंद काहीच आलं नाही, की बाकीचे त्याला नाहीसं धरतात.

मागे एका चाचणीत रणगाडा टेकडीआड दबा धरून बसला होता. त्याच्या पडद्यावर समोर नुसती माती. शेजारच्या, हेलिकॉप्टरच्या पडद्यावर मात्र तोच रणगाडा जमिनीपासून गुडघाभर वर तरंगत होता, तोफेसकट उघडा! पाठवलेली जागा दोन्हीकडे तंतोतंत तीच. फरक होता भूप्रदेशाच्या नकाशात. हेलिकॉप्टरकडचा नकाशा ढोबळ, त्यात टेकडीचा माथाच सपाट झालेला. वाहन जमिनीला टेकवायची सोय चालू केली, तरंगणं थांबलं; पण माथा काही परत आला नाही.

मला हे फार लागलं. त्या खुर्चीत उद्या विशीतला पोरगा बसणार. आड नीट घेऊनही तो दर वेळी टिपला जाणार, आणि आडोशाचा उपयोग नाही हेच शिकून जाणार.

चाचणीला आलेले सार्जंट (त्यांना ‘सर’ म्हणायचं नसतं, ‘सार्जंट’च) म्हणाले, “माझी मुलं हे असं शिकणार नाहीत.” मग आम्ही दोन्ही नकाशे एकाच मूळ उंचीच्या माहितीवरून नव्याने तयार करून घेतले. पुन्हा चाचणी लागली, तेव्हा सार्जंट स्वतः रणगाड्यात बसले, टेकडीआड गेले. मी हेलिकॉप्टरच्या पडद्यासमोर उभी होते. टेकडी दिसत होती, फक्त टेकडी.