खारीज झालेला मुलगा आणि रात्रीच्या वर्गातली सही

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेचं जुनं दाखलखारीज रजिस्टर, म्हणजे नाव दाखल झालेल्या आणि नाव कमी झालेल्या मुलांची नोंद, समोर आलं, तेव्हा पुठ्ठा नव्हता आणि सुरुवातीची बरीच पानं गळालेली होती. अशा वेळी मी आधी छापील मथळा बघतो. 'मध्यप्रदेश' असेल तर छपाई बहुधा १९५० ते १९५६ मधली, कारण १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आला. पण कोरे फॉर्म संपेपर्यंत शाळा तेच भरत. इथेही 'मध्यप्रदेश' मथळ्याखाली १९६७ च्या नोंदी होत्या.

पानांना उदई लागलेली. मऊ ब्रशने माती झाडली. थुंकी लावून पान उलटायचं नाही. कॉपिंग पेन्सिलीची जांभळी नोंद ओल लागली की पसरते. खिडकीच्या तिरप्या उजेडात फोटो काढले, कोऱ्या पानांचेसुद्धा. नाहीतर पान कोरं होतं की फोटो राहिला, हे पुढे कळत नाही.

खारीज होण्याच्या कारणांत एकच शेरा पुन्हापुन्हा : 'सतत गैरहजर'. एवढ्यावरून पोरांना शाळेची गोडी नव्हती असं लिहिणं अन्याय होईल. त्याच वर्षाचा हजेरीपट शेजारी ठेवला. गैरहजेरी दिवाळीनंतर सुरू होते, ऐन कापूस वेचणीत.

त्याच पेटीत १९७९ ची एक वही होती, रात्रीच्या प्रौढ शिक्षण वर्गाची. राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम २ ऑक्टोबर १९७८ ला सुरू झाला. भर १५ ते ३५ वयोगटावर. या गावात शिकवणारा गावातलाच तरुण. वहीत रॉकेलचा हिशेबही त्यानेच लिहिलेला. एका नावापुढे जानेवारीत जांभळा अंगठा आणि जूनमध्ये सही. सहीतली शिरोरेषा आधी ओढलेली, अक्षरं नंतर खाली लटकवलेली. दोन अक्षरं रेघेपर्यंत पोचलेलीच नाहीत.

तिसरीतून खारीज झालेल्यांत हेच नाव होतं, पण दोनदा. चुलतभाऊ. दोघांची जन्मतारीख १ जुलै, म्हणजे गुरुजींनी अंदाजाने टाकलेली. रजिस्टरात वडिलांचं नाव आहे, वहीत नाही. कागदावर हा गुंता सुटत नाही. जुळणारं नाव दिसलं की जोडून टाकायचा मोह होतो आणि चुका तिथेच होतात.

त्यातले एकजण गावातच राहतात. मोबाइलवर फोटो मोठा करून विचारलं, "आबाजी, ही सही ओळखता का?"

"माहीच होय. तो दुसरा तं पुलगावच्या मिलात लागला होता तवा." बोट शिरोरेषेवरून फिरलं. "मास्तर म्हणे, पहिले रेघ काढ, मंग अक्षरं टांग."

नोंदवहीत त्यांचं म्हणणं जसंच्या तसं उतरवलं, तारीख घातली आणि खाली त्यांची सही घेतली. आताही रेघ आधी.